दाबोळीचं फायरफ्लाय आणि पिस्टन इंजिनांच्या लढाऊ विमानांची ओढ

कातळसडा:

गोव्यात दाबोळीला, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. आपल्याकडून गोव्याला जाणारी मंडळी त्याच्या शेजारून निघून जातात. आत शिरलीच तर सुपर कॉन्स्टेलेशन या चार इंजिनांच्या विमानाच्या भल्यामोठ्या धुडासमोर फोटो काढतात. त्याच आवारात एक फेअरी फायरफ्लाय उभं आहे. लांब नाक, नाकाखाली रेडिएटरचा फुगवटा, पुढे वैमानिकाची आणि मागे निरीक्षकाची वेगवेगळी जागा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानवाहू जहाजांवरून ही विमानं लढली. पुढे १९५०च्या दशकात आपल्या नौदलानं त्यातली काही घेतली, गोळीबाराच्या सरावासाठी हवेत निशाण ओढत न्यायला. या विमानाचं इंजिन म्हणजे रोल्स-रॉइसचं ग्रिफन: १२ सिलिंडर, ३६.७ लिटर. हा धागा त्या फायरफ्लायसाठी आणि त्याच्या पिढीतल्या सगळ्या लढाऊ विमानांसाठी.

राफेलच्या जमान्यात पंखेवाल्या विमानांत काय बघायचं, असं मला लोक विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्या लढाऊ विमानाचं प्रत्येक कारण माणसाला डोळ्यांनी दिसतं आणि कानांनी ऐकू येतं, अशी ही शेवटची पिढी. त्यांचा कुठलाही भाग दाखवून ‘हा असाच का?’ विचारा, उत्तर मिळतं, आणि ते समजायला साधं भौतिकशास्त्र पुरतं.

ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायरचा पंख घ्या. लंबवर्तुळाकार पंखाचं कौतुक सगळे करतात, पण तो सुंदर दिसावा म्हणून तसा केलेला नाही. पंख पातळ ठेवायचा होता, म्हणजे वेग मिळतो. पण त्याच पातळ पंखात आठ मशीनगन आणि मिटलेली चाकं बसवायची होती. मग मुळाशी रुंदी जास्त ठेवायची आणि टोकाकडे उशिरा निमुळतं करायचं, यातून तो आकार आला. आर. जे. मिचेलच्या चमूनं हे विमान केलं, ५ मार्च १९३६ रोजी ते पहिल्यांदा उडालं, आणि पुढच्याच वर्षी मिचेल कर्करोगानं गेला. वय ४२. आपल्या विमानाची लढाई त्यानं पाहिलीच नाही. पुढे त्याची वीस हजारांवर विमानं बनली.

आता इंजिन. स्पिटफायरमधल्या रोल्स-रॉइस मर्लिनची क्षमता २७ लिटर. युद्धाच्या सुरुवातीला त्यातून हजारभर अश्वशक्ती मिळत होती, शेवटाला त्याच २७ लिटरमधून दोन हजारांच्या घरात. सिलिंडर वाढले नाहीत, बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढला नाही. मग वाढलं काय? आत कोंबली जाणारी हवा. रोल्स-रॉइसमध्ये स्टॅनली हूकर नावाचा गणिती १९३८ मध्ये आला. त्यानं सुपरचार्जरमधून, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या यंत्रातून, हवा कशी वाहते ते कागदावर मांडलं आणि त्याच्या कडा, वाटा बदलल्या. पुढे सुपरचार्जरच्या आतच एकामागे एक दोन पंखे बसवले, दोन वेगांचे गिअर दिले, आणि दाबून तापलेली हवा सिलिंडरमध्ये जाण्याआधी थंड करायची सोय केली. वर हवा विरळ असते, तिथेच या इंजिनाला दम मिळाला. १९४२ मध्ये हे इंजिन घालून स्पिटफायर ९ आलं आणि जर्मनांच्या फोके-वुल्फ १९०ला बरोबरीचा गडी भेटला. हेच मर्लिन अमेरिकेत पॅकार्डनं बनवलं, मस्टँग या अमेरिकी लढाऊ विमानात घातलं, आणि जादा टाक्या लावून मस्टँग बॉम्बफेकी विमानांबरोबर बर्लिनपर्यंत जाऊन परत येऊ लागलं.

माणसानं पिस्टन इंजिनाकडून जेवढं काढता येईल तेवढं काढून घेतलं, ते या आठ-दहा वर्षांत. आणि कळस गाठला तेव्हाच ते संपलं. पंख्याची टोकं आवाजाच्या वेगाजवळ गेली की पंखा ओढेनासा होतो, ताकद कितीही वाढवा. १९४४ मध्ये जेट लढाईत उतरले. आपल्या हवाई दलात व्हॅम्पायर जेट १९४८ला आलं. एवढं शिखर आणि त्याला एवढं थोडं आयुष्य, हे मला फार लागतं.

तुम्हाला यातलं काय खेचतं ते लिहा. आणि संग्रहालय पाहिलेल्यांनी फायरफ्लायबद्दल जरूर लिहा.


हर्णैबंदर:

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आमचं आयुष्य ट्रॉलरच्या इंजिनावर गेलं. सहा सिलिंडरचं डिझेल, शंभर-सव्वाशे घोड्यांचं. इंजिन मिसिंग करायला लागलं की केबिनमध्ये बसून तांडेलाला कळतं, कुठला नोझल गेला तेसुद्धा आमचा मिस्त्री खोलायच्या आधी सांगतो.

स्पिटफायरचे व्हिडिओ मी कान देऊन ऐकतो. त्या आवाजात दोन थर आहेत. एक खालचा भरीव, आणि वर एक बारीक शिट्टीसारखा. तो वरचा कसला? आणि सायलेन्सर नाहीच ना?


कातळसडा:

दादा, सायलेन्सर अजिबात नाही. प्रत्येक सिलिंडरमागे एक आखूड नळकांडं, तोंड मागे वळवलेलं. तापलेला धूर जोरानं मागे फेकला जातो आणि त्यातूनही थोडा पुढे रेटा मिळतो. आवाजासाठी कुणी काही केलेलं नाही, रेटा फुकट जाऊ नये म्हणून केलेली ती रचना आहे.

थरांचं म्हणाल तर हिशोब सोपा आहे. चार स्ट्रोकचं १२ सिलिंडर इंजिन एका फेऱ्यात सहा वेळा पेटतं. ३००० आरपीएमला म्हणजे सेकंदाला ३०० वेळा. तुमचं सहा सिलिंडरचं इंजिन १८०० आरपीएमला सेकंदाला ९० वेळा पेटतं. स्फोट इतके जवळजवळ आले की कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, एक सूर होतो. वरची बारीक शिट्टी सुपरचार्जर आणि त्याच्या गिअरची. पंखा इंजिनाच्या साधारण निम्म्या वेगानं फिरतो, त्याची घरघर आणखी वेगळी. तुम्ही दोन थर ओळखलेत, तिसरा पंख्याचा आहे. विमान डोक्यावरून पुढे गेलं की तो मोकळा ऐकू येतो.


जुना फिटर:

मी नौदलात विमानांच्या इंजिनांवर काम केलं. दाबोळीला सुपर कॉन्स्टेलेशन होती तेव्हा त्या इंजिनांना हात लावलेला आहे. ती लढाऊ विमानं नव्हेत, पण पिस्टन इंजिनांचा शेवटचा टप्पा काय होता हे समजायला त्याच्यासारखं दुसरं नाही, म्हणून लिहितो.

राइटचं आर-३३५० इंजिन. गोलाकार मांडणी, ९ सिलिंडरच्या दोन रांगा, मिळून १८. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एका इंजिनाला ३६ आणि विमानाला १४४. प्लग बदलायचं काम निघालं की अख्खी पाळी त्यात जायची. शिवाय धुरावर फिरणारी तीन छोटी टर्बाइनं, ती वाया जाणारी शक्ती परत क्रँकला द्यायची. आज कुणाला सांगितलं तर पटणार नाही इतकी गुंतागुंत, आणि ती सगळी नटबोल्टांची, दांत्यांची, हाताला लागणारी.

गोलाकार इंजिनाचं एक लक्षात ठेवा. विमान उभं राहिलं की तेल हळूहळू झिरपून खालच्या सिलिंडरांत साठतं. तसंच स्टार्ट केलं तर पिस्टन वर येतो, तेल काही दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी इग्निशन बंद असल्याची खात्री करून पंखा हातानं फिरवायचा, एकेक पातं मोजत. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. खालचे प्लग काढून तेल सोडून द्यायचं. नवीन पोरं जोर लावायला बघायची, त्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो.

जेटला बटण दाबलं की संगणक बाकीचं बघतो. इथे प्रत्येक स्टार्टला माणूस लागतो आणि त्याचं लक्ष लागतं. मला ओढ त्याची आहे.


सुरंगी:

लेख आणि प्रतिसाद मनापासून वाचले. माहिती उत्तम आहे. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही.

ही माणसं मारायची यंत्रं होती, आणि त्यांचा पैसा काही प्रमाणात आपल्या खिशातून गेलेला आहे. ब्रिटननं साम्राज्यभर ‘स्पिटफायर फंड’ उघडले, ५००० पौंड द्या आणि विमानावर तुमचं नाव घाला. हैदराबादच्या निजामाच्या देणगीमुळे शाही हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘हैदराबाद’ नाव मिळालं. १३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘सिटी ऑफ बॉम्बे’ नाव होतं, म्हणजे आपल्या मुंबईचं. आणि १९४३ला बंगालमध्ये माणसं भुकेनं रस्त्यावर मरत होती. कोकणातही त्या काळात रेशनच्या रांगा होत्या, ब्रह्मदेशातला तांदूळ बंद झाला होता. पंखाच्या आकाराचं कौतुक करताना हे बाजूला ठेवायचं का? मला ठेवता येत नाही.


कातळसडा:

ताई, बाजूला ठेवू नये. धाग्यात ते आलं हे चांगलंच झालं. यंत्राची ओढ आहे म्हणून त्यामागचा पैसा आणि मरणं धुऊन निघतात, असं मी म्हणणार नाही.

पण याच विमानांत आपलीही माणसं होती, हेही त्याच पानावर लिहायला हवं. अर्जन सिंग १९४४ मध्ये इम्फाळला आपल्या १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते, हरिकेन लढाऊ विमानं घेऊन. त्याच वर्षी आपल्या ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला स्पिटफायर मिळाली, भारतीय हवाई दलातली ती पहिली. आणि मग १९४७. नोव्हेंबरमध्ये श्रीनगरच्या वेशीवर, शालटेंगला, स्पिटफायर आणि टेम्पेस्ट ही लढाऊ विमानं आपल्या सैन्याच्या मदतीला होती. हृषिकेश मुळगावकर, जे पुढे १९७६ ला हवाई दलप्रमुख झाले, त्यांना त्या काश्मीर मोहिमेतल्या कामगिरीसाठी महावीर चक्र मिळालं. निजामाच्या पैशानं उडालेलं विमान आणि श्रीनगर वाचवायला उडालेलं विमान एकाच आराखड्याचं आहे. मी दोन्ही गोष्टी एकत्रच धरून ठेवतो.


देवगडकर:

युरोपची गाडी फार चालली, जरा पूर्वेकडे या. मला सगळ्यांत खेचतं ते जपानी झिरो.

जिरो होरिकोशीपुढे अट अशी होती: जहाजावरून उडायचं, प्रचंड लांब जायचं, चपळ राहायचं, आणि इंजिन मिळणार हजार अश्वशक्तीच्याही खालचं. त्यानं एकच मार्ग धरला, वजन उतरवायचा. प्रत्येक कंसाला, प्रत्येक फासळीला भोकं पाडून ग्रॅम ग्रॅम काढला. वैमानिकाच्या पाठीमागे चिलखत नाही, गोळी लागली तर आपोआप बुजणाऱ्या टाक्या नाहीत. १९३९ला ते पहिल्यांदा उडालं आणि १९४१-४२ मध्ये पॅसिफिकमध्ये त्याच्यापुढे कुणी टिकेना. पण जे वजन काढलं त्यातच त्याचं मरण होतं. गोळ्यांचा एक झोत लागला की पेटायचं, आणि जपानचे मुरलेले वैमानिक त्यातच गेले.

१९४२च्या जूनमध्ये अलास्काजवळच्या अकुतान बेटावर एक झिरो दलदलीत उलटं पडलं. अमेरिकेनं ते उचलून दुरुस्त करून उडवलं तेव्हा दुबळ्या जागा कळल्या. वेग वाढला की ते आडवं वळायला जड होतं, आणि नाक झटक्यात खाली केलं की इंजिन तुटक चालतं. संपूर्ण विमान हा एकच निर्णय आहे, शेवटपर्यंत नेलेला. असं स्वच्छ उत्तर मला दुसऱ्या कुठल्या यंत्रात दिसत नाही.


सुरंगी:

देवगडकर, नाक खाली केल्यावर इंजिन अडखळणं हे मर्लिनमध्येही होतं, आणि त्याची गोष्ट या धाग्यात यायलाच हवी.

मर्लिनला तरंगत्या गोळ्याचा कार्बोरेटर होता. विमान झटक्यात खाली घातलं की पेट्रोल वर उसळायचं आणि इंजिन क्षणभर गप्प व्हायचं, मग एकदम जास्त पेट्रोल जाऊन गुदमरायचं. जर्मन मेसरश्मिट १०९ला थेट इंजेक्शन होतं, त्याला हा त्रास नाही. जर्मन वैमानिक पाठलाग झाला की सरळ नाक खाली घालायचे आणि सुटायचे. बिअॅट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी १९४१ मध्ये यावर उपाय काढला: पेट्रोलच्या वाटेत एक छोटी भोकाची चकती, इंजिनाला पूर्ण ताकदीवर लागेल तेवढंच पेट्रोल सोडणारी. विमान कामातून काढावं लागत नव्हतं. त्या आणि त्यांची माणसं तळातळावर फिरून चकत्या बसवत गेली. शिलिंगबाई स्वतः मोटरसायकलच्या शर्यतीत उतरणाऱ्या.

माझा आक्षेप मागे घेत नाही. पण ही चकती मला फार आवडते. आणि कारखान्यातून तळापर्यंत स्पिटफायर नेऊन पोचवणाऱ्यांत बायका वैमानिक होत्या, हेही मुलींना सांगायला हवं.


आचऱ्याचो:

माका विमानातला फारसा कळणा नाय, पण खाऱ्या हवेतला कळता. ता फायरफ्लाय मी बघलंय. समुद्र थयसून हाकेर आसा. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर खार येता, लोखंडाक सोडणा नाय, अॅल्युमिनियमाकय सोडणा नाय. आमी होडी वर काढलंव की गोड्या पाण्यान धुवतंव, इंजिनाक ग्रीस मारतंव, ताडपत्री घालतंव. ह्या विमानाक कोण धुवता? रंग मारलो म्हणान झाला, असा नाय. रंगाच्या खाली काय चल्लाहा ता बघूक व्हया.


जुना फिटर:

आचरेकर एकदम मुद्द्यावर आले. विमानाचं अॅल्युमिनियम म्हणजे भांड्याचं अॅल्युमिनियम नव्हे. ताकदीसाठी त्यात तांबं मिसळलेलं असतं, आणि तांब्यामुळेच ते खाऱ्या हवेला लवकर बळी पडतं. पत्र्यावर शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर दिलेला असतो, तो घासला गेला की आतून थर सुटायला लागतात, पापुद्रे निघतात. बाहेरून रंग शाबूत. जिथे पोलादी बोल्ट अॅल्युमिनियमला टेकतो तिथे दोन धातूंत गंज आणखी जोरानं. मॅग्नेशियमचे भाग असतील, इंजिनाच्या कव्हरात किंवा चाकांत, ते तर पांढरी भुकटी होऊन जातात.

नोकरीत असताना आम्ही समुद्रावरून आलेलं विमान गोड्या पाण्यानं धुवायचो, मग पाणी उडवणारं तेल फवारायचं, झाकणं लावायची. संग्रहालयातल्या विमानालाही तेच लागतं, उलट जास्तच, कारण ते हलत नाही आणि कोपऱ्यात पाणी साचतं. तळाला पाणी निघून जायची भोकं असतात, ती मोकळी राहायला हवीत. पक्षी घरटी करतात, काड्या ओल धरून ठेवतात. आणि खरा उपाय छप्पर. चार बाजूंनी बंद नसलं तरी चालेल, नैर्ऋत्येचा पाऊस आणि दुपारचं ऊन अडलं तरी आयुष्य कितीतरी वाढतं.


वास्कोकर:

मी इथलाच. एक सांगतो, संग्रहालयातली माणसं आपुलकीनं करतात, नौदलानं ते जपलं म्हणून आपल्याला बघायला तरी मिळतं. पण शाळेची सहल येते तेव्हा मुलांना फायरफ्लायसमोर कुणी थांबवत नाही. ‘जुनं विमान’ एवढंच. त्याच्या पंखामागच्या पाट्या मी मुलांना दाखवतो. फेअरी-यंगमन म्हणतात त्यांना. त्या नुसत्या खाली वाकत नाहीत, मागे सरकून पंखाची रुंदीच वाढवतात. त्यामुळे जहाजावर उतरताना विमान सावकाश येऊ शकतं.

जहाजासाठी जन्मलेलं विमान आणि जहाजावर नेलेलं विमान यातला फरक इथे दिसतो. स्पिटफायरला जहाजावरच्या दोराला अडकायचा आकडा लावून सीफायर केलं, ते खाडीतली होडी भर समुद्रात नेल्यासारखं झालं. हवेत अप्रतिम, पण चाकं जवळजवळ आणि नाजूक. १९४३ला इटलीत सालेर्नोला दोस्तांचं सैन्य उतरलं त्या वेळी शत्रूपेक्षा उतरतानाच्या अपघातांत जास्त सीफायर गेली. फायरफ्लाय वेगात मागे, पण जहाजावर पाय रोवून उभं राहणारं. पुढे कोरियाच्या युद्धातही ते लढलं.


गावखडी:

ब्रह्मदेशात पुरलेल्या स्पिटफायरचं पुढे काय झालं? पेट्यांत घालून शंभरेक विमानं जमिनीत गाडली आहेत असं पेपरात वाचलं होतं.


कातळसडा:

काही निघालं नाही. एका ब्रिटिश शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं ध्यास घेतला होता. २०१३च्या जानेवारीत यांगूनच्या मिंगलाडोन विमानतळावर पुरातत्त्वज्ञ घेऊन खोदकाम झालं, आणि पुरलेली विमानं तिथे नाहीत असाच निष्कर्ष निघाला.

खजिना जमिनीखाली नव्हता, आपल्या धावपट्ट्यांच्या कडेला होता. हवाई दलानं निवृत्त केलेली स्पिटफायर आणि टेम्पेस्ट कित्येक वर्षं आपल्या तळांवर पडून होती. १९७०च्या दशकाच्या शेवटी परदेशी संग्राहक आले आणि त्यांनी ती उचलून नेली. आज ब्रिटन-अमेरिकेत उडणाऱ्या किंवा दुरुस्त होणाऱ्या काही विमानांची जुनी कागदपत्रं भारतीय आहेत. लिबरेटर बॉम्बफेकींचं तर त्याहून पुढे. युद्धानंतर कानपूरला मोडून टाकलेल्या ढिगातून हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी ती पुन्हा उडती केली, हवाई दलात वापरली, आणि जगात आज जी थोडी उरली आहेत त्यातली बरीच या कामामुळे उरली. ही कामगिरी आपल्या पाठ्यपुस्तकात असायला हवी होती.

देशात उरलेल्यांपैकी स्पिटफायर, हरिकेन, टेम्पेस्ट दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहेत. टेम्पेस्टचं सेंटॉरस इंजिन जवळून बघा. १८ सिलिंडर, आणि झडपाच नाहीत. पिस्टनभोवतीची बाही वरखाली आणि थोडी गोल फिरते, तिच्यातल्या खिडक्यांतून हवा येते-जाते.


हर्णैबंदर:

मग आपल्याकडे यातलं उडतं एकही नाही?


कातळसडा:

युद्धकाळातली लढाऊ, नाही. हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डाकोटा आहेत, तिन्ही पिस्टन इंजिनांची. डाकोटा २०१८ला दुरुस्त होऊन आलं. त्याचा क्रमांक व्हीपी ९०५, आणि नाव ठेवलंय ‘परशुराम’. चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. त्याची दोन इंजिनं १४-१४ सिलिंडरची गोलाकार, फिटरकाकांनी सांगितलेला पंखा फिरवायचा विधी त्यांनाही लागतो.


देवगडकर:

उडवावीत का, हाच प्रश्न आहे. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये डल्लासच्या प्रदर्शनात एक पी-६३ लढाऊ विमान बी-१७वर आदळलं, सहा माणसं गेली, आणि दोन्ही विमानं कायमची गेली. २०२४च्या मे महिन्यात ब्रिटिश हवाई दलाच्या स्मृतिताफ्यातलं स्पिटफायर पडलं, वैमानिक गेला. जी मोजकी उरली आहेत ती छपराखाली ठेवा, एवढंच माझं म्हणणं.


जुना फिटर:

देवगडकर, तुमचं दुःख कळतं. तरीही मी उडवण्याच्या बाजूचा. उडणाऱ्या विमानाचे सील सुकत नाहीत, तेल फिरत राहतं, दर तासांच्या हिशोबानं कुणीतरी ते खोलून बघतं. त्याहून मोठी गोष्ट, माणसं तयार होतात. मॅग्नेटोचं (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राचं) टायमिंग बसवायला, कार्बोरेटर लावायला, पंख्याचं संतुलन करायला शिकलेला माणूस गेला की ते ज्ञान पुस्तकातून परत येत नाही. आमच्या बॅचमधले किती राहिलेत? आर-३३५०च्या आवाजावरून सिलिंडर सांगणारा दाबोळीत आता शोधावा लागेल.

एकुलतं एक असेल तर उडवू नका, त्याला मान्यता. पण चार असतील तर एकाला उडू द्या, आणि त्याच्याभोवती दहा पोरं शिकू द्या.


वास्कोकर:

उडवणं लांबची गोष्ट. इंजिन जमिनीवर चालवलं तरी पुष्कळ. परदेशात कित्येक ठिकाणी चौकटीवर मर्लिन बसवून लोकांना चालवून दाखवतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आयटीआयच्या मुलांनी एक गोलाकार इंजिन खोलून, साफ करून, चालू केलं तर त्यांना इंजिन म्हणजे काय ते जन्मभर विसरायला होणार नाही.


आचऱ्याचो:

आमच्या हयसर मिस्त्री आसत. विमानाचा इंजिन घेऊन येवा, मे म्हयन्यात होड्ये वर असतत तेवा येळच येळ आसता. उघडून बघतले.


हर्णैबंदर:

एक शंका. विमान जमिनीवर उभं असताना रेडिएटरला वारा कुठून मिळतो? आमच्या इंजिनाला समुद्राचं पाणी असतं म्हणून निभावतं.


कातळसडा:

नेमका तोच स्पिटफायरचा कच्चा दुवा. रेडिएटर पंखाखाली, पंख्याच्या वाऱ्यापासून बाजूला, शिवाय खाली सोडलेला चाकाचा पाय त्याच्यासमोर आडवा. स्टार्ट केल्यावर काही मिनिटांत उडालं नाही तर शीतक उकळायला लागतं. त्यात नाक इतकं लांब की समोरचं दिसत नाही, म्हणून वैमानिक नागमोडी चालवत धावपट्टीकडे जातो आणि नजर तापमानाच्या काट्यावर. फायरफ्लायच्या सुरुवातीच्या जातीत रेडिएटर नाकाखाली, पंख्याच्या थेट वाऱ्यात. दाबोळीचं त्यातलंच आहे, फुगवटा पुढून बघा, आत जाळी दिसते. मस्टँगवाल्यांनी तर पोटाखालच्या रेडिएटरमधून तापलेली हवा अशा निमुळत्या वाटेनं बाहेर काढली की रेडिएटरमुळे होणारा अडथळा बराचसा भरून निघाला.

आणखी एक, मर्लिन आणि ग्रिफन उलट्या दिशांनी फिरतात. मर्लिनच्या सवयीचा वैमानिक ग्रिफनच्या स्पिटफायरमध्ये बसला की उड्डाणाच्या धावेत विमान भलत्याच बाजूला ओढ घ्यायचं. पाय नेहमीच्या सवयीनं चुकीच्या पेडलवर गेला तर थेट गवतात. पुढे सीफायर ४७ला एकामागे एक उलट फिरणारे दोन पंखे लावले तेव्हा ती ओढ मिटली.

आता दोन कामं. वास्कोकर, तुम्ही आणि फिटरकाका मिळून फायरफ्लायची पाहणी करा: तळाची भोकं, पंखांचे सांधे, चाकांच्या खाचा. फोटोंसह टिपण तयार झालं की संग्रहालयाला आपण सगळे मिळून रीतसर पत्र देऊ. मागणी दोनच ठेवू, पावसाळ्याआधी छप्पर आणि ठरलेल्या वेळाने गोड्या पाण्याची धुलाई.

दुसरं सगळ्यांसाठी. कोकणातल्या कितीतरी घरांतले आजोबा-पणजोबा १९४० ते १९५०च्या काळात हवाई दलात किंवा नौदलात फिटर, रिगर (सांगाडा सांभाळणारे), आर्मरर (शस्त्रं सांभाळणारे) म्हणून होते. वैमानिकांची नावं पुस्तकांत आहेत, यांची नाहीत. माळ्यावर पेबुक, डिस्चार्जचे कागद, हाताने काढलेल्या आकृत्यांच्या वह्या, तळावरचे फोटो असतील तर पाऊस लागायच्या आत खाली काढा आणि उजेडात सरळ ठेवून फोटो घ्या. कोणत्या तळावर होते आणि कुठल्या विमानावर काम केलं, एवढं इथे लिहा. सेवा क्रमांक आणि पत्ता मात्र झाका.


सुरंगी:

आमच्या घरी आजीच्या ट्रंकेत असे कागद आहेत. उद्या काढते.